पिस्तुलाच्या परवान्याला सरावाची अट हवी

शस्त्रपरवान्याच्या अर्जात कारण म्हणून 'स्वसंरक्षण' लिहिणारा माणूस आणि नेमबाजीच्या स्पर्धेत उतरणारा खेळाडू, दोघेही दुकानदाराकडे पिस्तूलच मागतात. त्यामुळे दोन्ही कामांना चालेल असे एखादे चांगले हत्यार कोणते, हा प्रश्न हमखास येतो. रायपूरच्या भनपुरी, उरला, सिलतरा या औद्योगिक पट्ट्यात रात्रपाळीनंतर घरी परतणाऱ्या कारखानदाराला किंवा व्यापाऱ्याला तो पडला, तर त्यात वावगे काही नाही. पण हत्यारांची तुलना करत बसल्याने त्याचे उत्तर मिळणार नाही. दोन्ही हत्यारे नीट समजून घेतली की लक्षात येते, खेळाडूला वाचवतो तो त्याचा सराव, आणि स्वसंरक्षणासाठी परवाना देताना आपली व्यवस्था नेमका तोच मागत नाही. हा परवाना टिकवायचा असेल, तर दरवर्षी नेमबाजीच्या रेंजवर सराव केल्याचा पुरावा द्यावा लागला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पर्धेचे पिस्तूल एका गोष्टीसाठी घडवलेले असते: शांत उभ्या असलेल्या माणसाने कागदाच्या मध्यावर गोळी मारावी. दहा मीटर एअर पिस्तुलात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि ६० गोळ्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात. चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा असा नियम आहे, म्हणजे बोटाच्या हलक्या दाबाने तो सुटतो. मूठ नेमबाजाच्या तळव्याला बेतून कोरलेली असते. नेम धरण्यासाठीच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये शक्य तितके अंतर ठेवलेले असते, आणि ते उगाच नाही. हे अंतर २२ सेंटिमीटर असेल, तर साइट अर्धा मिलिमीटर चुकल्याने २५ मीटरवर गोळी सुमारे ६ सेंटिमीटर सरकते. अंतर निम्मे झाले की तीच चूक ११ सेंटिमीटरच्या पुढे जाते. इतके नाजूक हत्यार खिशात किंवा कमरेला वागवण्यासाठी नसतेच. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक चाप ऐन मध्यात बिघडला, बराच वेळ गेला आणि तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. खेळात अशा बिघाडाची किंमत पदकाएवढी असते. अंगावर हल्ला झालेला असताना ती जिवाएवढी असेल.

आता स्वसंरक्षणाचे हत्यार पाहू. ९ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्याकडे सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे, त्यामुळे बहुतेकांच्या हाती .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल येते. गंमत अशी की .३२ च्या रिव्हॉल्व्हरचे हेच काडतूस जागतिक नेमबाजीत अनोळखी नाही. सपाट तोंडाची गोळी घालून ते २५ मीटर सेंटर फायर प्रकारात वापरले जाते. याच प्रकारात २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली. काडतूस तेच, पण त्याच्याभोवतीचे हत्यार वेगळे. कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून आणले. वजन अर्धा किलो, नळी आखूड, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. पर्समध्ये मावावे म्हणून ते हलके केले, आणि हलके म्हणूनच त्याचा धक्का मनगटाला जास्त बसतो. घोडा आधी न चढवता अशा रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला साधारण चार-पाच किलोचा जोर लागतो, आणि तो लावताना आखूड नळी हमखास हलते. महिलांच्या २५ मीटर स्पर्धेतले पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत जड असू शकते आणि त्यातून .२२ चे सौम्य काडतूस उडते. थोडक्यात, ज्या हत्याराने नेम धरणे सर्वांत अवघड, ते आपण सर्वांत कमी सराव असलेल्या माणसाच्या हाती देतो आणि त्याला सुरक्षितता म्हणतो.

वेळेचा हिशेब तर याहून कठोर आहे. २५ मीटर पिस्तूलच्या जलद फेरीत प्रत्येक गोळीला तीन सेकंद मिळतात. हात खाली ४५ अंशांत असतो, पिस्तूल भरलेले आणि हातातच असते, निशाणा जागचा हलत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकले, आणि त्यासाठी तिला ३४-३४ अशा बरोबरीनंतर दोन शूटऑफ खेळावे लागले. वर्षानुवर्षे दररोज सराव करणाऱ्या खेळाडूंमध्येही इतका बारीक फरक असतो. याउलट अमेरिकी पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात हत्यार काढायचे, समोरचा खरोखर हल्लेखोर आहे का हे ठरवायचे, त्याच्यामागे कोण उभे आहे ते पाहायचे आणि मग चाप ओढायचा. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा रँड संस्थेने अभ्यास केला. १९९८ ते २००६ या काळात दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटलेल्या चकमकींत पोलिसांच्या अवघ्या १८ टक्के गोळ्या लक्ष्यावर लागल्या, आणि समोरून गोळीबार होत नसतानाही हे प्रमाण सरासरी ३० टक्केच होते. हे प्रशिक्षित, पगारी, नियमित चाचणी देणारे पोलीस. मग पाच वर्षांत एकदाही रेंजवर न गेलेल्या परवानाधारकाच्या गोळ्या दाट वस्तीत कुठे जातील?

सरावाच्या बाजूने बोलणाऱ्याला हीच आकडेवारी उलटी फिरवून कुणी विचारेल: पोलिसांनाही जमत नसेल, तर सराव कशाला? आक्षेप रास्त आहे. सरावाने कुणी चकमकीतला निष्णात होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण रेंजवर आणखी काही शिकायला मिळते, आणि बहुतेक घरांना गरज असते ती त्याचीच. नळी कायम सुरक्षित दिशेला, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, हत्यार ठेवण्याआधी ते रिकामे असल्याची खात्री, हत्यार आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून घरातच अपघाताने गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. असे अपघात टाळणारी शिस्त पुस्तकातून येत नाही, ती हाताला लावावी लागते. सरावाचा दुसरा परिणाम माझ्या मते अधिक मोलाचा आहे: रेंजवर गोळ्या झाडणाऱ्याला आपला नेम किती वेळा चुकतो हे कागदावर दिसते, आणि ते पाहिलेला माणूस हत्यार काढण्याआधी दोनदा विचार करतो.

अर्थात, सरावाने सगळेच टळत नाही. भाजप नेते प्रमोद महाजन यांच्यावर २२ एप्रिल २००६ रोजी त्यांच्या भावाने झाडलेल्या गोळ्या परवान्याच्या पिस्तुलातून सुटल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, तेव्हा वापरलेल्या पिस्तुलाचा परवाना मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. डिसेंबर २०२४ मध्ये बीडमधल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर त्या एकट्या जिल्ह्यात हजाराहून जास्त परवाने असल्याचे समोर आले, आणि शंभराहून अधिक रद्द करावे लागले. अशा ठिकाणी हत्यार संरक्षणासाठी कमी आणि मिरवण्यासाठी जास्त असते. सरावाची अट इथेही उपयोगी पडेल, कारण मिरवण्यासाठी परवाना घेणारा दरवर्षी दोन-चार दिवस घाम गाळून गुणपत्रक आणणार नाही, आणि आणत असेल तर प्रशिक्षकाची त्याच्यावर नजर राहील.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि सोयीचा आहे. गुंडाच्या कमरेला गावठी कट्टा असतो, त्याला कुणी सरावाचा दाखला विचारत नाही, मग कायदा पाळणाऱ्यालाच जाच का? कट्ट्याला आळा घालणे हे पोलिसांचे काम आहे, आणि ते ढिले पडते म्हणून कारखानदाराच्या हातचे हत्यार अधिक सुरक्षित होत नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेतल्या ३४ ते ४४ या कलमांनी दिलेला खासगी बचावाचा हक्क गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही. चुकलेल्या गोळीने वाटसरू दगावला, तर कट्टेवाला पळून जाईल आणि परवानाधारक न्यायालयात उभा राहील. मात्र सोयीबद्दलची तक्रार खरी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणले, २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, पण त्या पाच वर्षांत सराव कुठे करायचा हे कुणी सांगितले नाही. काडतुसांच्या वार्षिक मर्यादेमुळे जो सराव करू पाहतो तोही हात आखडता घेतो.

म्हणून अट घालणाऱ्या सरकारने आधी दार उघडावे. पोलीस आणि सशस्त्र दलांच्या रेंज ठरावीक रविवारी परवानाधारकांना खुल्या कराव्यात, राज्य रायफल संघटनांचे प्रशिक्षक तिथे नेमावेत, आणि रेंजवरच घेऊन रेंजवरच संपवलेली काडतुसे, रिकाम्या पुंगळ्या जमा केल्यावर, वार्षिक मर्यादेतून वगळावीत. एवढे करूनही वर्षातून दोनदा जायला ज्याला सवड नाही, त्याने रिव्हॉल्व्हरचा नाद सोडावा. नेमबाजीची आवड असेल तर ४.५ मिलिमीटरचे कमी ताकदीचे एअर पिस्तूल विनापरवाना मिळते. जिवाची भीती असेल तर कॅमेरा, मजबूत दार, रोखीऐवजी बँकेतून पगार आणि प्रशिक्षित रखवालदार यांवर पैसे खर्च केलेले बरे. भनपुरीतल्या कारखान्याच्या फाटकावर हे उपाय आजच करता येतात.