पंप बदलण्यापूर्वी दाब पाहावा



आपल्या ख्रिस्ती खेड्यांतून आजही कित्येक कुटुंबांची भिस्त एखाद्या जुन्या मारुतीवर असते. रविवारी वृद्ध आईवडिलांना मिस्सेला नेणे, अपरात्री आजाऱ्याला इस्पितळात पोहोचवणे, ही कामे तीच करीत असते. अशी गाडी पहाटे चार-पाच वेळा स्टार्टर मारल्याखेरीज सुरू होईना, अथवा चोर्ल्याच्या घाटात भरल्या माणसांनी दम टाकू लागली, की गॅरेजातून ठरलेले उत्तर मिळते, "पंप गेला." पंपासाठी काही हजार रुपये मोजले जातात आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा तेच सोंग घेते. वस्तुतः पंपाचा दोष आहे की नाही, हे दाबमापक लावून, म्हणजे मिस्त्री ज्याला गेज म्हणतात ते लावून, अर्ध्या तासात कळते.

दिल्ली परिसरात २००० सालापासून आणि देशभर २००५ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि कार्ब्युरेटर मागे पडून इंजेक्शनच्या गाड्या सर्वत्र आल्या. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले. परंतु त्या गाड्या अद्याप रस्त्यावर आहेत. कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसते पोहोचले की पुरे होई. इंजेक्शनला ते ठरावीक दाबाने पोहोचावे लागते. इंजेक्टर हे विजेने उघडमीट होणारे सूक्ष्म तोंड आहे. ते किती वेळ उघडे राहावे, एवढेच गाडीतील संगणक ठरवतो. तेवढ्या वेळात पेट्रोल किती उडेल, हे दाबावर अवलंबून असते. या जुन्या गाड्यांत संगणकाला तो दाब दिसतच नाही. म्हणून दाब निम्म्यावर आला तरी धोक्याचा दिवा लागेलच असे नाही, आणि "कॉम्प्युटरला लावून पाहिले, काही निघाले नाही" या उत्तरावर विसंबता येत नाही.

प्रथम बिनखर्चाची गोष्ट. किल्ली ऑन करावी, स्टार्टर मारू नये, आणि दुसऱ्याने पेट्रोल भरण्याच्या तोंडाशी कान द्यावा. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबला पाहिजे. मुळीच आवाज नसेल तर पंपावर आरोप ठेवण्याआधी फ्यूज व रिले तपासावे. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत अर्थिंगच्या जोडाला गंज चढतो. बॅटरीवर १२ व्होल्ट आणि चालत्या पंपाच्या जोडावर जेमतेम १० असतील, तर नवा पंपही रडतच चालेल.

गेज लावणे मात्र जाणत्या मिस्त्रीचे काम आहे. घरच्या मुलांनी ते करू नये. नळीत पेट्रोल दाबाखाली असते आणि गरम इंजिनावर उडालेली चिळकांडी पेट घेऊ शकते. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग बॅटरीची ऋण तार सोडावी, आणि त्यानंतरच नळी उघडावी. विडीकाडी जवळ नको, हे सांगावयास नको. गेज जोडून झाल्यावर फ्यूज व तार पुन्हा लावावी.

रेल्वर रेग्युलेटर आणि टाकीकडे परतणारी नळी ज्या गाड्यांत आहे, त्यांत इंजिन बंद व पंप चालू असता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच ते तीन किलो दाब दिसतो. इंजिन सुरू होऊन मंद चालू लागले की तो सुमारे अर्ध्या किलोने उतरतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतलाच घ्यावा. इंजिन चालू असता रेग्युलेटरची हवेची बारीक नळी काढली, की दाब तेवढाच चढला पाहिजे. त्या नळीत पेट्रोलचा ओलावा आढळला तर आतला पडदा फाटला आहे. काळा धूर आणि काळवंडलेले प्लग यांचे मूळ तेथे असू शकते.

दाब मुळातच कमी असेल, तर परतीची रबरी नळी क्षणभरच दाबून पाहावी. काटा झपाट्याने वर गेला, तर पंप धडधाकट असून रेग्युलेटर पेट्रोल फुकट परत पाठवत आहे. काटा हलेना, तर फिल्टर, वीज आणि पंप या क्रमाने शोध घ्यावा. हा क्रम मी मुद्दाम सांगतो, कारण फिल्टर पंपाच्या मानाने पुष्कळच स्वस्त असतो आणि तोच वर्षानुवर्षे कोणी बदललेला नसतो.

पहाटेच्या हट्टाचे कारण बहुधा निराळे असते. इंजिन बंद केल्यावर दाब काही वेळ टिकावयास हवा. तो मिनिटाभरात ओसरत असेल, तर पुन्हा दाब भरून लगेच परतीची नळी दाबून धरावी. आता तो टिकला, तर दोष रेग्युलेटरचा. तरीही ओसरला, तर येणारी नळी दाबावी. आता टिकला, तर पंपातील झडप गळते. दोन्ही नळ्या दाबूनही काटा उतरत असेल, आणि बाहेर कोठे ओल नसेल, तर एखादा इंजेक्टर आत ठिबकत आहे. नळ्या जुन्या व कडक झाल्या असतील तर त्या दाबूच नयेत; चिरतात.

घाटातील दम सपाटीवर उभ्या गाडीत कळत नाही. त्यासाठी गेज लांब नळीने काचेबाहेर वायपरपाशी घट्ट बांधून चढण चढतात. गेज गाडीच्या आत कधीही घेऊ नये. चढावर काटा खाली येऊ लागला, तर पुरवठा अपुरा आहे. काटा स्थिर राहूनही गाडी ओढत नसेल, तर इंधनाचा नाद सोडून प्लग, क्लच वा सायलेन्सरकडे वळावे.

अलीकडे पंपावर २० टक्के एथेनॉलचे पेट्रोल मिळते. या गाड्यांचे रबर त्यासाठी घडवलेले नव्हते, आणि पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले तर ते एथेनॉलसह तळाशी उतरते, पंप जेथून ओढतो तेथेच. जुन्या नळ्या वर्षातून एकदा तरी बोटांनी चाचपाव्यात. टाकी पावाच्या खाली जाऊ देऊ नये. पंप भोवतीच्या पेट्रोलानेच थंड राहतो, आणि शंभर रुपयांचे पेट्रोल घालून आठवडा काढण्याची आपली काटकसर त्याच्या मुळावर येते.

काम आटोपले, की लगेच स्टार्टर मारू नये. किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून दाब भरावा, आणि प्रत्येक जोडावर विजेरीचा प्रकाश टाकून कोठे ओल दिसते का ते पाहावे.