केसपेपरवर न येणारं दुखणं

पुण्यात विश्रांतवाडी चौकातून आळंदी रस्त्याने येरवड्याकडे निघालं की फुलेनगरच्या आसपास प्रादेशिक मनोरुग्णालय लागतं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला अशा कोणत्याही ओपीडीत विचारले जाणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात: झोप लागते का, आवाज येतात का, गोळ्या वेळेवर घेतोस का? उत्तरं बरी आली की केसपेपरवर सुधारणा नोंदली जाते. तरीही पुष्कळ जण महिनाभरही नोकरीत टिकत नाहीत. घरचे त्याला आळस म्हणतात, मालक कामचुकारपणा म्हणतो. याचं खरं कारण बऱ्याचदा कार्यस्मृती, म्हणजे आलेली माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, दुबळी झालेली असणं हे असतं. ती तपासल्याशिवाय रुग्णाला बरा ठरवू नये, असं माझं मत आहे.

‘येताना अर्धा किलो साखर घे, गिरणीतून दळण आण आणि लाइटबिल भर’ असं सांगितल्यावर माणूस नुसती साखर घेऊन परततो. घरात यावर भांडण होतं; चाचणीत हेच मोजता येतं. सात, दोन, नऊ, चार हे आकडे ऐकून उलट्या क्रमाने सांगायचे, इतकी ती साधी असू शकते. सोही पार्क आणि फिलिप होल्झमन यांनी १९९२ मध्ये रुग्णांना पडद्यावर एका ठिकाणी खूण दाखवली, मध्ये थोडा वेळ जाऊ दिला आणि मग जागा विचारली. खूण समोर असेपर्यंत अडचण नव्हती. ती मनात धरून ठेवायची वेळ आली की चुका वाढल्या. मायकेल ग्रीन यांनी १९९६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा रुग्णाचं रोजचं जगणं आणि नवं कौशल्य शिकणं यांचा संबंध भास-भ्रमांपेक्षा स्मृती आणि अवधान यांच्याशी अधिक दिसला. आपल्याकडे मात्र स्किझोफ्रेनिया म्हटलं की भास आणि संशयच डोळ्यांपुढे येतात. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या २००४च्या ‘देवराई’ने हा आजार मराठी घरांत बोलण्याचा विषय केला, हे ऋण मोठंच; पण विसरलेल्या दळणावर कोण सिनेमा काढणार?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा सगळा गोळ्यांचा परिणाम आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. औषध सुरू होण्याआधीच्या रुग्णांतही ही उणीव आढळते, आणि आजार नसलेल्या सख्ख्या नातेवाइकांतही ती सौम्य रूपात दिसते. भास आटोक्यात आणणारी औषधं ती फारशी भरून काढत नाहीत. मात्र हातापायांचा ताठरपणा, थरथर कमी करण्यासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी स्मृतीवर ताण आणते. ती वर्षानुवर्षं तशीच पुढे लिहिली जात असेल, तर खरंच गरज आहे का, हे डॉक्टरांनी पाहायला हवं. रुग्णाने मात्र कुठलीच गोळी आपणहून बंद करू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आधीच ‘वेडा’ म्हणून हिणवलेल्या माणसावर आणखी ‘मंद’ असा शिक्का कशाला? पण आळशी, नाटकी हे शिक्के आज बसलेलेच आहेत, आणि त्यांत दोष माणसाच्या स्वभावाला जातो. शिवाय ही उणीव प्रत्येकात सारखी नसते. काहींची कामगिरी उत्तम असते, म्हणून तर सरसकट गृहीत न धरता प्रत्येकाची चाचणी घ्यायची.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. गर्दीच्या ओपीडीत मानसशास्त्रज्ञाचा अर्धा तास मिळणं सोपं नाही, हे मान्य. पण चमत्काराची गोळी येईपर्यंत थांबणंही परवडणारं नाही: याच उणिवेसाठी तयार केलेलं आयक्लेपर्टिन नावाचं औषध २०२५च्या सुरुवातीला अखेरच्या टप्प्यातल्या चाचण्यांत अपयशी ठरलं. उलट स्मृती-अवधानाच्या प्रशिक्षणाचे ४० अभ्यास २०११ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा मध्यम पण टिकणारी सुधारणा दिसली, आणि सोबत कामाचं पुनर्वसन असेल तर फायदा वाढला. एका वेळी एकच सूचना देणं, कामाची यादी लिहून भिंतीवर लावणं, याला तर खर्चही येत नाही. ही उणीव सरकारी मोजमापातूनही निसटते: दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ‘आयडियाज’ मोजपट्टी स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम पाहते, तीही बहुतांशी विचारपूस करून. सवलतींसाठी लागणारी ४० टक्के दिव्यांगत्वाची रेषा ठरवताना त्या विचारपुशीला कार्यस्मृतीच्या चाचणीची जोड देण्याचा आदेश आरोग्य विभागाने काढावा, आणि सुरुवात येरवड्याच्या या मनोरुग्णालयापासूनच करावी.