सही न करणारा संगीतकार



बाबासाहेबांना व्हायोलिनची आवड होती, ते व्हायोलिन शिकलेही होते, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आज त्याच व्हायोलिनच्या दुनियेतल्या एका माणसाची ओळख आम्ही वाचक बंधू-भगिनींना करून देणार आहोत. नाव यान फान खिल्से. देश हॉलंड. त्यांचे नाव त्यांच्या देशातही फारसे कोणी घेत नाही. पण त्यांची गोष्ट आपल्या मुलाबाळांनी ऐकावी अशी आहे.

खिल्से यांचा जन्म १८८१ साली रॉटरडॅम या बंदराच्या शहरात झाला. संगीताचे शिक्षण त्यांनी जर्मनीत, कोलोन आणि बर्लिन येथे घेतले. तरुणपणीच त्यांनी पहिली सिंफनी लिहिली आणि तिला बॉन शहरातील बेथोव्हेनच्या नावाचे बक्षीस मिळाले. सिंफनी म्हणजे काय? साठ-सत्तर वादक एकत्र बसतात. व्हायोलिन, चेलो, बासरी, ट्रंपेट, नगारे, प्रत्येकाचे काम वेगळे. बहुधा चार भागांत, शब्दांवाचून, एक मोठी कथा सांगितली जाते. एकाने ताल सोडला तर सगळ्यांचे बिघडते. खिल्से यांनी अशा चार सिंफनी पूर्ण केल्या. तिसरीत वाद्यांच्या सोबतीला एका स्त्रीचा आवाजही आहे. आपल्या रवींद्रनाथ टागोरांच्या ‘गार्डनर’ या संग्रहातील तीन कवितांनाही त्यांनी स्त्री-आवाज व वाद्यवृंद यांच्यासाठी चाली दिल्या.

पण हा माणूस नुसता सुरांत रमणारा नव्हता. गिरणीत राबणाऱ्याला पगार मिळतो, मग गाणे रचणाऱ्याला काय मिळते? त्याची रचना दुसरेच वाजवतात, तिकिटे दुसरेच विकतात. खिल्से यांनी ओळखले की एकटा संगीतकार कोणाशीच भांडू शकत नाही. १९११ साली डच संगीतकारांची संघटना उभी राहिली, १९१३ साली रचनाकारांचा मोबदला गोळा करणारी ‘बुमा’ ही संस्था निघाली. दोन्हींच्या उभारणीत ते पुढे होते. ‘बुमा’ आजही काम करते आहे. संघटित होण्याचे मोल आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको!

स्वभाव मानी. १९१७ पासून ते उट्रेख्ट शहराच्या वाद्यवृंदाचे संचालक होते. तेथील वर्तमानपत्रातून व्हिलेम पाइपर या टीकाकाराने सतत कडवट टीका चालवली. व्यवस्थापनाने पाठीशी उभे राहावे अशी खिल्से यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, तेव्हा १९२२ साली त्यांनी ती जागा सोडली.

खरी कसोटी पुढेच होती. मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजांनी हॉलंड घेतले. १९४१ मध्ये ज्यू वादकांना वाद्यवृंदांतून काढून टाकण्यात आले. हातात कला होती, वर्षानुवर्षांची मेहनत होती, पण जन्म आडवा आला! हे दुःख आपल्या समाजाला कोणी समजावून द्यायला हवे काय? मग ‘कुल्टूरकामर’ नावाची सरकारी संस्था निघाली. तिचे सभासद व्हा, नाहीतर कला बंद, असा हुकूम झाला. ज्यूंना तिथे दारच नव्हते. पुष्कळांनी पोटासाठी सही केली. खिल्से यांनी केली नाही. उलट, कलावंतांच्या ‘मुक्त कलावंत’ या भूमिगत पत्राच्या कामात ते उतरले.

किंमत भयंकर पडली. त्यांचे दोन्ही मुलगे नाझींविरुद्धच्या लढ्यात होते. धाकट्या मार्टेनला १९४३ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. यानरिक १९४४ च्या मार्चमध्ये मारला गेला. बाप लपत छपत घरे बदलत राहिला आणि ८ सप्टेंबर १९४४ रोजी, देश स्वतंत्र होण्याच्या आठ महिने आधी, परक्या घरात आजारपणाने वारला. आसरा देणाऱ्यांवर संकट नको म्हणून त्यांना स्वतःच्या नावाने मूठमातीही मिळाली नाही.

‘टाइल’ हा त्यांचा मोठा ऑपेरा १९४० साली लिहून तयार होता. परकीय जुलमाविरुद्ध उठणाऱ्या लोकनायकाची ती कथा. तो रंगमंचावर आलेला त्यांनी पाहिला नाही. त्यातले शोकसंगीत मात्र आज वेगळे वाजवले जाते. मुलांच्या मरणाआधी लिहिलेले ते सूर ऐकताना काळजात कालवाकालव होते.

या शतकात डेव्हिड पोर्सेलाइन या संचालकाने त्यांच्या चारही सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या आहेत. एखाद्या रविवारी, विहारातून घरी आल्यावर, मुलांना जवळ बसवून मोबाईलवर एखादा भाग लावा. पहिल्यांदा सारे समजणार नाही, आम्हालाही समजले नव्हते. व्हायोलिन कुठे सुरू होते एवढे मुलांना ओळखायला सांगा. आणि मग त्यांना सांगा, हे ज्याने लिहिले त्याने एका कागदावर सही केली नाही. आपल्यापुढेही कधीतरी असा कागद येतो. तेव्हा काय करायचे, हे घरातच ठरलेले बरे.