परीक्षा पुतळ्यावर व्हावी, गरिबावर नव्हे

पनवेल तालुक्यातील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी शासनाच्या ‘महाराष्ट्र भूषण’ समारंभात लाखो माणसे भर उन्हात तासन्‌तास बसून राहिली आणि उष्माघाताने चौदाजणांचा बळी गेला. समारंभ दुपारी का ठेवला, हा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्तच होता. परंतु अशा प्रसंगी रुग्णालयाच्या दारात एकदम येणाऱ्या रुग्णांपुढे उभा राहणारा नवशिका डॉक्टर कितपत तयार असतो, हा प्रश्न मागेच राहिला.

पनवेलला तो टाळता येणार नाही. कळंबोलीहून द्रुतगती महामार्ग निघतो, पळस्प्याहून गोव्याचा रस्ता फुटतो, आणि डोंगराकडेच्या कातकरी-ठाकूर वाड्यांना पावसाळ्यात सर्पदंशाचे भय असते.

साडेचार वर्षांच्या शिक्षणाअखेर होणारी प्रात्यक्षिक परीक्षा बहुधा प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णावर घेतली जाते. गुदमरणाऱ्या माणसावर परीक्षा घेता येत नाही, घेऊही नये. परिणामी विद्यार्थ्याची खरी परीक्षा पुढे सार्वजनिक रुग्णालयात रात्रपाळीला होते आणि तिचे शुल्क गरीब रुग्ण भरतो. श्रीमंताच्या अंगाला शिकाऊ हात क्वचितच लागतो.

या अन्यायावर सिम्युलेशन, म्हणजे प्रसंगाची हुबेहूब उभारणी, हा उपाय आहे. नॉर्वेतील खेळण्यांचे कारखानदार आस्मुंड लेर्डाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकविणारा पुतळा १९६० मध्ये बनविला. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये नवी परीक्षापद्धती मांडली: सर्व विद्यार्थ्यांना तेच प्रसंग, तेवढाच वेळ आणि आधी ठरविलेल्या यादीनुसार गुण. वशिल्याला आणि परीक्षकाच्या लहरीला तीत वाव कमी.

समजा, पुतळा म्हणजे फुरसे चावलेला मजूर. नळीतले रक्त वीस मिनिटांनंतरही गोठलेले नाही. प्रतिविष सुरू होताच अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो. विद्यार्थी प्रतिविष थांबवून मांडीत ॲड्रिनॅलिन टोचतो, की गोंधळून उभा राहतो? उत्तरपत्रिकेतून हे कळत नाही, येथे दोन मिनिटांत कळते. चुकलेला विद्यार्थी पुन्हा सराव करतो. कोणाचे घर उघडे पडत नाही.

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने कौशल्य-प्रयोगशाळेला स्थान दिले, हे स्वागतार्ह आहे. मात्र प्रयोगशाळा असणे वेगळे आणि तीत अनुत्तीर्ण झालेल्यास थांबविणे वेगळे. शिवाय, महागडे पुतळे भरमसाट शुल्क घेणाऱ्या महाविद्यालयांच्या जाहिरातीपुरते राहिले, आणि अलिबागसारख्या शासकीय महाविद्यालयांना ते मिळाले नाहीत, तर विषमतेत नवी भर पडेल. वस्तुतः साधा पुतळा, रुग्णाची भूमिका करणारा माणूस आणि कर्तव्यदक्ष परीक्षक एवढ्यावरही पुष्कळ साधते.

आणखी एक पथ्य पाळले पाहिजे. पुतळ्यापुढे उत्तीर्ण झालेला डॉक्टर प्रतिविष आणि प्राणवायू नसलेल्या केंद्रावर हतबलच ठरतो. तेथील मृत्यूचा दोष त्याच्या माथी मारून शासनाला मोकळे होता येणार नाही.

तातडीचा उपचार नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात बजावले. हा हक्क कागदावर राहू नये यासाठी कार्यकर्त्यांनी दोन मागण्या एकत्रच लावून धराव्यात: या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणाही नवशिक्यावर अपघात विभागाची एकट्याने जबाबदारी नको, आणि औषधसाठ्याची नोंद प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर लोकांना वाचता आली पाहिजे.