आंधळ्या माशाची साक्ष

केरळातील जांभ्या खडकाच्या पोटातील पाण्यात डोळे नसलेला, बोटाहूनही लहान असा रक्तवर्णी मासा राहतो. १९५० साली मेनन यांनी त्याच्या पहिल्या जातीची नोंद केली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जातीला मात्र जनतेच्या गौरवार्थ ‘पॉप्युली’ हे नाव मिळाले. कारण विहिरींतून हाती आलेले मासे सामान्य गृहस्थांनीच अभ्यासकांच्या नजरेस आणले.

नाशिकच्या भूगर्भात असा मासा आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु येथील काळ्या कातळाच्या भेगांतही पाणी आहे, आणि त्याकडे पाहण्याची खिडकी म्हणजे विहीर. तीच आपण केरकचऱ्याने बुजवितो! २०२७ च्या सिंहस्थानिमित्त गोदाकाठ सजविताना महापालिकेने जुन्या विहिरींची नोंद करून त्या राखाव्यात. डोळस म्हणविणाऱ्या नगरीकडून एवढी अपेक्षा वावगी नव्हे.