अमेरिकेतील आरोग्य बचत खाते कोणाच्या कामाचे?

अमेरिकेत १ जानेवारी २०२६पासून सरकारी विमा बाजारातील सर्व ‘ब्राँझ’ योजनांना आरोग्य बचत खाते, म्हणजेच ‘एचएसए’ जोडता येते. या खात्यात भरलेली रक्कम केंद्रीय प्राप्तिकरातून वजा होते, तिच्यावरील वाढीला कर नाही आणि उपचारांसाठी पैसे काढतानाही नाही. २०२६ या वर्षासाठी एकट्याला ४,४०० आणि कुटुंबाला ८,७५० डॉलर भरता येतात. वय ५५ झाले की आणखी हजार. शिल्लक वर्षअखेरीस बुडत नाही. म्हणून तिथले करसल्लागार सांगतात, औषधपाणी खिशातून करा, पावत्या जपा, खाते वाढू द्या. सल्ला बरोबर आहे, पण खिसा भरलेला असेल तर! शंभर डॉलर भरले की ३७ टक्के करटप्प्यातल्या माणसाचे ३७ डॉलर वाचतात, १२ टक्क्यांतल्याचे बाराच. ब्राँझचा हप्ता कमी असतो. मात्र विमा कंपनीने हात लावण्याआधी बहुतेक योजनांत काही हजार डॉलर रुग्णालाच मोजावे लागतात. मग दुखणे अंगावर काढले जाते. प्रतिबंधक तपासणी मोफत असते खरी. तीत काही निघाले, तर पुढच्या चाचण्यांचे बिल बहुधा रुग्णाच्याच नावे फाटते.