विश्लेषण : ९९ रुपयांत मोटार? ऑनलाइन बक्षीस स्पर्धांत भाग घेण्यात शहाणपण किती?

पुणेकरांना बक्षीस म्हणून मोटार नवी नाही. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत विजेता मल्ल शिवराज राक्षे याला मोटार मिळाली. त्याच वर्षी पुणे महापालिकेने मिळकतकर मुदतीत भरणाऱ्यांसाठी सोडत जाहीर केली, तिच्या बक्षिसांतही पाच मोटारी होत्या. पण सध्या मोबाइलवर दिसणारे आमिष निराळे आहे. ‘९९ रुपयांचे कूपन घ्या, नवी मोटार घरी न्या’ असे रील येते, खाली क्यूआर कोड असतो आणि ‘शेवटची काही कूपन शिल्लक’ अशी घाईही असते. मल्लाने मोटार कुस्ती मारून मिळवली आणि करदात्याने तिच्यासाठी वेगळा पैसा मोजला नाही. कूपन घेणारा मात्र केवळ नशिबावर पैसे लावतो. हा फरक ध्यानात घेतला की बऱ्याच प्रश्नांची उत्तरे मिळतात.

महापालिकेच्या सोडतीत वेगळे काय होते?

पाच मोटारी, १५ ई-बाईक, १५ मोबाइल आणि १० लॅपटॉप अशी ४५ बक्षिसे महापालिकेने ठेवली होती. सहभागासाठी कूपन विकत घ्यायचे नव्हते. जो कर भरावाच लागणार होता, तो वेळेत भरणे एवढीच अट होती. आयोजक कोण, बक्षिसे किती, पात्र कोण हे आधीच जाहीर होते.

तरीही मोटारीच्या आशेने कर भरणे हे गणित कच्चेच. समजा, पाच लाख मिळकतधारक पात्र ठरले. पाच मोटारी म्हणजे लाखात एकाला संधी. मोटारीची किंमत आठ लाख धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या ‘संधी’चे मोल आठ रुपये होते. याउलट, वेळेत कर भरणाऱ्याला सर्वसाधारण करात पाच ते दहा टक्के सवलत मिळते. हा कर चार हजार रुपये असेल, तर किमान दोनशे रुपये नक्की वाचतात. म्हणजे खरे बक्षीस सवलतीचेच होते, मोटार ही वरची फोडणी.

कूपनचा हिशेब काय सांगतो?

एक उदाहरण घेऊ. मोटार आठ लाखांची, कूपन ९९ रुपयांचे आणि विकली गेली २० हजार कूपन. आयोजकाकडे १९ लाख ८० हजार रुपये जमा झाले. आठ लाख भागिले २० हजार म्हणजे एका कूपनचे सरासरी मोल ४० रुपये. विजेत्यावरचा कर वजा केला तर ते साडेसत्तावीस रुपयांच्या आसपास येते. म्हणजे साडेसत्तावीस रुपयांची वस्तू ९९ रुपयांना घेतली जाते. दहा कूपन घेतली की संधी दहापट होते, पण तोटाही दहापटच होतो.

यातला कळीचा आकडा म्हणजे विकलेल्या कूपनांची संख्या. तीच सहसा सांगितली जात नाही. २० हजारांऐवजी दोन लाख कूपन विकली गेली, तर त्याच ९९ रुपयांचे मोल करापूर्वी अवघे चार रुपये उरते. संख्या न सांगणाऱ्या सोडतीत भाग घेणारा अंधारात पैसे टाकतो.

कायदा काय म्हणतो?

पैसे घेणे, नशिबावर निकाल आणि बक्षीस हे तीन घटक एकत्र आले की ती लॉटरी ठरते. लॉटरी चालवण्याची मुभा कायद्याने फक्त राज्य सरकारांना आहे; महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सुरू आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार, सरकारी नसलेल्या लॉटरीसाठी कार्यालय चालवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. तिची जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. रील करून कूपन विकणाऱ्यांनी हे वाचून ठेवायला हरकत नाही.

‘ही लॉटरी नाही, कौशल्याची स्पर्धा आहे’ हा बचावही जुनाच आहे. एखादा सोपा प्रश्न विचारायचा, उत्तरासोबत शुल्क घ्यायचे आणि बरोबर उत्तरे देणाऱ्या हजारोंतून चिठ्ठी काढायची, ही ती पद्धत. १९५० च्या दशकात शब्दकोड्यांच्या स्पर्धांबाबत हाच वाद झाला. बंगळुरूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील कोड्यांच्या प्रवेशिका तत्कालीन मुंबई राज्यातही मोठ्या प्रमाणावर जमा केल्या जात. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल दिला. या स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाच्या आहेत आणि जुगाराला व्यापार-व्यवसायाचे घटनात्मक संरक्षण मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने तर अशा कोड्यांच्या बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातली होती.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मान्यता मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तर कौशल्य की नशीब, हा भेदच पुसला आहे. शुल्क भरून, जिंकण्याच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. निव्वळ कूपनची सोडत ‘खेळ’ ठरते का, यावर वकील वाद घालतील. पण ती खेळ नसेल तर लॉटरी आहे आणि खासगी लॉटरीला आधीपासूनच मनाई आहे. ब्रिटनमध्ये अशा मोटार स्पर्धांचा मोठा धंदा आहे. तिथे २००५ च्या कायद्यामुळे स्पर्धेत खरे कौशल्य लागते किंवा विनाशुल्क प्रवेशाचा मार्ग द्यावा लागतो. त्या स्पर्धा पाहून इथल्यांना कायदेशीर समजणे चूक ठरेल.

मोटार खरेच लागली तर?

बक्षिसाच्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आणि त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कर लागतो. आठ लाखांच्या मोटारीवर तो दोन लाख ४९ हजार ६०० रुपये होतो. विजेत्याचे इतर उत्पन्न कितीही कमी असले तरी सूट नाही. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील करसवलतही या कमाईला लागू होत नाही. लागलेल्या कूपनांचा खर्चही वजा करता येत नाही. बक्षीस वस्तुरूपात असेल, तर कर भरला गेल्याची खात्री केल्याशिवाय आयोजकाने ते द्यायचे नसते.

त्यानंतर नोंदणी आणि विमा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल मोटारीवर ११ टक्के वाहनकर आहे, म्हणजे आणखी ८८ हजार. काही आयोजक हा खर्च स्वतः उचलतात, बरेच उचलत नाहीत. ‘फुकट’ मोटारीसाठी सव्वातीन लाखांहून अधिक रुपये हाताशी नसतील, तर विजेत्याला ती विकण्याचाच विचार करावा लागतो.

फसवणूक नेमकी कुठे होते?

याच खऱ्या नियमाचा आधार ठग घेतात. घरी टपालाने स्क्रॅच कार्ड येते किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अभिनंदन, तुम्हाला मोटार लागली’ असा संदेश. मग ‘कर आधी भरावा लागतो’ असे सांगून पैसे मागितले जातात. आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग वाहतूक, मग विमा. प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा मोठा. आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो, आणि अनेकदा लाजेपोटी घरीही सांगत नाही.

फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. प्राप्तिकर सरकारी खात्यात, पॅन क्रमांकावर जमा होतो आणि त्याची नोंद करदात्याला प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर दिसते. तो कुणाच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर कधीच भरायचा नसतो. ज्या स्पर्धेत भागच घेतला नाही, तिचे बक्षीस लागू शकत नाही, हे तर उघडच. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तातडीने फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

मोफत स्पर्धाही तोट्याची का?

नेहमीच नाही, पण ती अगदी मोफतही नसते. अर्जात मोबाइल क्रमांक, पत्ता, वय आणि ‘मोटार कधी घेणार’ हा प्रश्न असतो. ही माहिती म्हणजेच प्रवेश शुल्क. पुढचे अनेक महिने येणारे कर्जाचे आणि विम्याचे फोन ही तिची पावती. ग्राहकाला हक्कही आहेत. विक्री वाढवण्यासाठीच्या बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ज्या पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तिथल्या ग्राहकाने तरी ‘निकाल कुठे आहे?’ हे विचारायला संकोचू नये.

मग भाग घ्यावा का?

जी खरेदी किंवा जो कर एरवीही करायचा वा भरायचा होता, त्यासोबत सोडत येत असेल, आयोजक ओळखीचा असेल, नियम आणि निकाल जाहीर होत असतील, तर नाव द्यायला हरकत नाही. मोटारीची आशा मात्र धरू नये. केवळ कूपनसाठी वेगळे पैसे मोजायचे असतील, तर उत्तर ‘नको’ हेच. आठवड्याला ९९ रुपये म्हणजे वर्षाला पाच हजारांहून अधिक; एवढी रक्कम टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत टाकली, तर मोटार येणार नाही, पण पैसे व्याजासह परत येतील. आणि बक्षीस देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे.